कॅमेरा हलला की टाकी

माझ्या कुरडयांवर सावली पडत होती म्हणून मी कुंदाचा कॅमेरा उचलून बाजूला ठेवला. थोड्या वेळानं ऊन सरकलं तसा परत होता तिथंच ठेवला, निदान मला तरी तसं वाटलं. तेव्हा मी नुकतीच साठी ओलांडली होती. त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं. आज सत्तरीला टेकल्यावर साठीतल्या त्या पोरीचा, म्हणजे माझाच, कान धरून तिला गच्चीवर उन्हात उभी करावीशी वाटते.

कारण बयेला काही माहीत नव्हतं असं नाही. सकाळीच कुंदा तीन पायांचा स्टँड, त्याच्यावर फोन, फोनचं तोंड समोरच्या पाण्याच्या टाकीकडे, असं सगळं मांडून बजावून गेली होती, "काकू, याले हात नका लावू. याच्या बाजूनं धपाधपा चालू बी नका." बयेनं मान डोलावली. आणि दुपारी त्या स्टँडची काडीएवढी सावली ओल्या कुरडयांवर आलेली पाहिली, तर त्याला मानगुटीला धरून उचललं. काडीएवढ्या सावलीनं कुरडई ओली राहते, हे शास्त्र मी कुठं शिकले होते कोण जाणे. फोन तापला म्हणून त्याच्यावर ओलं फडकंसुद्धा टाकणार होते. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली म्हणून तो वाचला.

संध्याकाळी कुंदा आली. फोन हातात घेतला, व्हिडिओ पुढे-मागे केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोनं हलवला?"

"हवेनं हलला असन."

"हवा तीन पाय उचलून दुसरीकडं नाई ठेवत, काकू."

मग ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. कुंदाचा राग असाच होता. आरडाओरडा कमी, आणि माणसाला भिंतीसारखं वगळून टाकणं जास्त.

आमचं गाव कारंज्याहून धनजकडे जाताना लागतं. तायडे गुरुजींनी या गावातल्या दोन पिढ्यांना पाढे शिकवले, माझ्या पोरांनाही. कुंदा त्यांची एकुलती लेक. नागपूरला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवायची. तिथं तिचं वरिष्ठांशी बिनसलं, असं गुरुजी सांगायचे. कुंदा सांगायची, "बिनसलं नाई. राजीनामा टेबलावर ठेवला आन् पंखा मोठा केला, उडाला तं साहेबानंच उचलावा." गुरुजींना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती गावी परतली, आणि घरातूनच कॉम्प्युटरवर कुठल्याशा कंपनीचं काम करू लागली. चाळिशी ओलांडलेली, सडसडीत, डोक्यावर वडिलांची जुनी काळी छत्री आणि चालणं असं की बरोबरच्याला धावावं लागे. जेवताना कच्ची हिरवी मिरची लागायचीच, आणि ती तिखट नसली तर मिरचीवरही रागवायची.

तिला सर्वांत जास्त राग 'चालते' या शब्दाचा होता. आमच्याकडे हा शब्द दिवसातून शंभरदा निघतो. नळाला चिंधी बांधली, चालते. खांब वाकला, चालते. कुंदा उभी राहायची आणि विचारायची, "काय चालते? कोनाच्या जिवावर चालते?" माणूस हसून निघून जायचा. मीही हसायचे.

एकदा मी तिला विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय? म्हणाली, हलत्या कॅमेऱ्यानं काढलेला व्हिडिओ पाहायचा आणि कॅमेरा कुठून कुठं, किती, कसा हलला ते काढायचं.

"अन् ते कायले?"

"कॅमेरा किती हलला ते समजलं, तरच समोरचं काय हललं ते समजते. तुमी एसटीत बसल्या, बाहीर झाडं मांगं पयून राह्यली. आता तुमाले कसं कयते का गाडी चालून राह्यली, झाडं नाई?"

"कंडक्टर तिकीट मांगते."

ती हसली. कुंदा हसलेली मी मोजक्या वेळा पाहिली, त्यातली ही एक. मग तिनं मला समजावलं, आणि इतकं नीट समजावलं की ते अजून डोक्यात आहे. ती म्हणाली, यातलं सगळ्यात कठीण म्हणजे उजेड. सकाळी काढायला बसलो तर भिंत पिवळी असते, दुपारी पांढरी होते, मध्येच ढग येतो आणि तीच भिंत करडी दिसते. कॉम्प्युटर नुसत्या उजळ-काळोख्या ठिपक्यांवर विसंबला तर त्याला वाटतं भिंतच सरकली. सावलीची कड जमिनीवरून चालते, त्याला वाटतं कॅमेरा चालला. शिवाय फोन स्वतःच शहाणपणा करतो, उजेड कमी झाला की चित्र उजळ करून टाकतो.

"मंग तू कशावर भरोसा ठेवतं?"

"कोपऱ्यांवर. कोपरा उनात बी कोपराच, सावलीत बी कोपराच. जे जागचे हलूच शकत नाई असे कोपरे धरायचे. समदे मिळून सरकले तं कॅमेरा हलला. समदे जागी, आन् एकच सरकला, तं तो खरंच हलला."

हे तिचं शहाणपण ती कुठंही काढायची. माझ्या नातीच्या लग्नाचा व्हिडिओ आम्ही सगळे बसून बघत होतो. पाठवणीचा प्रसंग, नवरी थरथरतेय, आम्हा बायांचे पदर डोळ्यांना. कुंदा दारात उभी. म्हणाली, "तिच्या मांगची भिंत पाहा. ते बी थरथरून राह्यली. भिंतीले बी माहेर सुटाचं दुःख हाय का? फोटोवाल्याले जेवाले दिलं नव्हतं तुमी, त्याचा हात कापून राह्यला." व्याह्यांसमोर बोलली. खरं होतं, त्या पोराला पंगतीत विसरलो होतो. पण त्यानंतर आमच्या घरातल्या कुठल्या कार्याला कुंदाला आमंत्रण गेलं नाही, आणि ते का गेलं नाही याचं हेच एक कारण होतं असं सांगायची माझी हिंमत नाही.

आता टाकीचं सांगते. शाळेच्या मागं पाण्याची उंच टाकी होती, चार खांबांवर. बांधून फार वर्षं झाली नव्हती. खांबांना लागूनच अंगणवाडीची खोली. टाकीच्या एका खांबाजवळ पाइप गळायचा, बारा महिने. आपली काळी माती कशी असते ते सांगायला नको. ओली झाली की लोण्यासारखी, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा. त्या खांबापाशी बेशरमाची झुडपं उगवली होती, एवढं पाणी तिथं मुरत होतं. कुंदा रोज तिथून जायची. एक दिवस माझ्या पुतण्याला म्हणाली, सकाळी टाकी भरल्यावर तिची कड शाळेच्या पत्र्याच्या जेवढी जवळ दिसते, तेवढी संध्याकाळी दिसत नाही. टाकी भरली की झुकते.

विलास, माझा पुतण्या, सरपंच. टाकीच्या पायथ्याशी फरशीवर त्याचं नाव कोरलेलं. तो म्हणाला, "एवढं चालते, मॅडम."

झालं. त्या दिवसापासून कुंदाला दुसरं काही सुचलं नाही.

समोरून टाकी नीट दिसेल अशी उंच गच्ची गावात माझीच. म्हणून ती माझ्याकडे आली. त्याआधी तिनं काळा-पांढरा ऑइलपेंट आणला आणि शाळेच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, टाकीच्या खांबांवर आणि घुमटावर चौकटी रंगवल्या, कॅमेऱ्याला धरायला पक्के कोपरे मिळावेत म्हणून. टाकीवरसुद्धा स्वतःच शिडीनं चढली. गावाला करमणूक झाली. कुणी म्हणालं, तायडे बाई लुडो खेळणार. कुणी म्हणालं, करणी आहे. आणि आमच्याच आळीतला एक म्हातारा चांगला मोठ्यानं म्हणाला, "त्या वस्तीतल्या बाईनं आपल्या विहिरीले हात कायले लावला?" दुसऱ्या दिवशी विहिरीवरची चौकट कुणीतरी खरवडून काढली होती. कुंदा डबा घेऊन आली आणि परत रंगवली. परत खरवडली, परत रंगवली. तिसऱ्यांदा ती त्या म्हाताऱ्याच्या दारासमोरून मुद्दाम ब्रश ठिबकवत गेली. मी ओट्यावरून हे सगळं पाहिलं. पाहिलं म्हणजे पाहिलंच नुसतं.

चैत्र-वैशाखात ती रोज सकाळी टाकी भरायच्या आधी फोन लावून जायची, सांजेला घेऊन जायची. अवकाळीचे ढग यायचे, गच्चीवर ऊन-सावली नाचायची, आणि ती आभाळाकडे बघून शिव्या द्यायची. खऱ्या शिव्या. मास्तरांच्या लेकीला एवढ्या येतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत तिनं शाळेचा मोठा टीव्ही लावायला लावला. तालुक्याहून पाणीपुरवठ्याचे एक साहेब आले होते. तिनं दिवसभराचा व्हिडिओ भरभर पळवून दाखवला. शाळा जागच्या जागी, विहीर जागच्या जागी, आणि टाकी भरत गेली तशी शेजारणीच्या कानात काही सांगायला वाकावी तशी वाकत गेली. थोडीशीच, पण वाकली. रिकामी झाल्यावर परत सरळ झाली, पण पूर्ण नाही. रोज थोडा झुकाव उरत होता. मला आठवतं, अंगणवाडीच्या रेखानं पदर तोंडाला लावला.

मग त्यातला एक दिवस असा आला की टाकीनं टुणकन उडी मारली.

साहेब हसले. "हे काय मॅडम? टाकी दोरीवरच्या उड्या मारते का?" सगळे हसले. विलास सगळ्यांत मोठ्यानं हसला.

कुंदानं टीव्हीवर बोट ठेवलं. "नीट पाहा. शाळेचे कोपरे बी उडले, विहिरीचे बी उडले, टाकी बी उडली. समदे संगं उडले म्हंजे कॅमेरा उचलला. किती उचलला ते बी मी काढलं हाय. वीतभर उजव्या बाजूले, आन् तोंड थोडं खाली. तो भाग वजा करून बी टाकी वाकलेलीच हाय."

"कोणी उचलला?"

मी उठले. "म्या. कुरडया सुकत नवत्या."

आता तर हसण्याचा पूर आला. कुंदा त्या हसण्यातूनच बोलत राहिली, की गच्चीवर जाऊन बघा, फरशीवर सांडलेल्या चिकात स्टँडच्या पायांचे दोन्ही जागचे ठसे वाळलेले आहेत, मोजा, मी सांगितलं तेवढंच अंतर निघेल. गच्ची पन्नास पावलांवर होती. एकही माणूस उठला नाही. मला याचा राग आजही येतो. तुम्हाला खोटी ठरवायची होती ना ती? मग खोटी ठरवायला तरी उठायचं. जिना चढायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा अभ्यास छान आहे. पण फोनच्या व्हिडिओवरून टाकी बंद करता येत नाही." आणि मग विलासनं काय केलं ते ऐका. गावच्या लेकीनं एवढा अभ्यास केला म्हणून तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार जाहीर केला. नारळ साहेबांसाठी आणलेलाच होता. टाळ्या पडल्या. कुंदानं नारळ घेतला नाही. म्हणाली, "टाकी पडून राह्यली आन् तुमी नारळ देऊन राह्यले?" आणि छत्री उघडून निघून गेली. नंतर बायका म्हणाल्या, किती माज आहे. साहेबांनी 'छान' म्हटलं त्याला माज कुणी म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदा माझ्या गच्चीवरून व्हिडिओ बघून उतरली ती पायऱ्या गाळतच. थेट अंगणवाडीत गेली. मी मागोमाग, धापा टाकत. रेखाला म्हणाली, पोरं बाहेर काढ.

रेखा बिचारी रडकुंडीला. "मॅडम, वरून आदेश पाह्यजे. सुपरवायझर बाईले फोन लावतो, पन त्या उचलून नाई राह्यल्या."

"आदेश येईलोक टाकी थांबन का?"

रेखानं परत फोन लावला. कुंदा वळली आणि टाकीखालच्या हौदात उतरली. तिथं टाकी धुताना पाणी सोडायचा मोठा वॉल होता, लोखंडी चाकाचा, गंजलेला. तिनं जोर लावला, चाक हललं नाही. तिनं वर पाहिलं.

"काकू, आता लावा हात."

मी पातळ खोचलं आणि उतरले. आम्ही दोघींनी मिळून ते चाक फिरवलं. माझ्या तळहाताची सालं निघाली. आधी खर्रकन गंज सुटला, मग जमिनीतून कुणीतरी गुरगुरावं तसा आवाज आला, आणि पाणी सुटलं. भरलेली टाकी होती. गल्लीत गुडघ्याएवढं पाणी, त्यात चपला, कोंबड्या, कुणाचा तरी स्टुलावर ठेवलेला तांब्या. लोक शिव्या देत धावले. आणि अंगणवाडीतली सगळी पोरं कुणाच्याही आदेशाशिवाय बाहेर, पाण्यात नाचायला. रेखा त्यांच्या मागं. खोली रिकामी झाली. कुंदा चिखलात बसली होती आणि पोरांकडे बघत होती. तिचा चेहरा तेव्हाही रागीटच होता.

सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आणि गावाचं पाणी तोडलं, अशी तक्रार झाली. केली कुणी, तर माझ्या पुतण्यानं. तक्रारीत नाव एकच, कुंदा तायडे. चाकावर हात चार होते, गावानं ते पाहिले होते. मी ठाण्यात गेले. म्हटलं, चाक मी बी फिरवलं, माझं नाव लिहा. जमादारानं विलासकडे पाहिलं, विलासनं खिडकीकडे पाहिलं.

"मोठीमाय, तू घरी चाल. तुले बीपी हाय."

"बीपी गेलं खड्ड्यात. नाव लिहाले सांग."

"आजी, च्या घ्या," जमादार म्हणाला. मी टेबलावर हात आपटला, तोंडाला येईल ते बोलले. जमादारानं ते सगळं ऐकून घेतलं, अगदी अदबीनं, आणि पेनाचं टोपण उघडलं नाही. शेवटी त्यानंच मला हात धरून पायऱ्या उतरवून दिल्या. सरपंचाची मोठीमाय, थोरली चुलती. माझ्यावर गुन्हा दाखल व्हायलासुद्धा माझ्याच घराण्याची आडकाठी.

रिकामी केलेली टाकी सरळ झालीच नाही. जिल्ह्याहून मोठी यंत्रं घेऊन माणसं आली, चार दिवस मोजत बसली, आणि टाकी धोकादायक ठरवून पाडली. अंगणवाडी शाळेच्या वर्गात गेली. कागदावर काय आलं, तर 'नियमित तपासणीत दोष आढळला.' कुठली नियमित, कुणाची तपासणी? टाकी पाडायला पूजा करून नारळ फोडला, तोही विलासनंच. कुंदावरचा गुन्हा मात्र तसाच राहिला. तो मागं घ्यायला, म्हणे, प्रक्रिया असते.

मी विलासला घरी जेवायला वाढणं बंद केलं. दिवाळीला त्याच्या बायकोला सांगून पाठवलं, की यायचं असेल तर आधी ठाण्यात जा आणि मग ये. तो आला नाही.

कुंदानं नागपूरला दुसरी नोकरी धरली आणि गुरुजींनाही घेऊन गेली. पण कोर्टाच्या तारखेला तिला कारंज्याला यावं लागायचं. पहिल्याच तारखेला मी तिला गाठायला एसटी स्टँडवर गेले. कोर्टात त्या दिवशी काही झालंच नव्हतं, पुढची तारीख मिळाली होती. ती बाकावर बसली होती, छत्री मांडीवर आडवी. बारीक झालेली वाटली. मी तिच्या शेजारी बसले आणि सुरू झाले. ठाण्यात मी कसा टेबल हाणला, जमादाराला कसं झापलं, विलासला ताट कसं बंद केलं, माझं नाव लिहून घेत नाहीत म्हणजे काय, मी म्हातारी झाले म्हणजे मेले का, चार हातांतले दोन हात यांना दिसले कसे नाहीत. मी बराच वेळ बोलले असेन. आवाज चढला होता, कारण आजूबाजूचे वळून बघत होते, आणि खरं सांगते, ते बघत होते ते मला बरंही वाटत होतं.

नागपूरची गाडी लागली. कुंदा उठली, चढली, खिडकीची जागा धरली. गाडी मागं घ्यायला कंडक्टरनं शिट्टी मारली तेव्हा तिनं काच सरकवली आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"काकू, तुमचं नाव लिवलं नाई याचा तुमाले एवढा राग आला. माझं लिवलं, त्याचा काहून नाई आला?"